मारुती ८०० चं इंजिन उतरवण्याआधी

हे काम काढायचं तर आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा उरकल्यावर, फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडात गाडीखाली शिरलात तर कडक भाकरी होऊन बाहेर याल.

गाडी चालू आहे तोवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. ७९६ सीसीच्या या इंजिनाला तीनच सिलिंडर, फार वेळ जात नाही. एखाद्याचा आकडा खाली दिसला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तिन्ही आकडे चांगले आणि जवळपास सारखे असतील तर हेड खोलू नका. मिस्त्री म्हणणारच, "निघालंय तर सिलिंडर बोअर करून टाकू की!" आपण फक्त एरवी हात न पोचणाऱ्या जागा उरकायला निघालोय, हे त्याला आधीच सांगा.

चेन कप्पी भाड्याने मिळते. ती ज्या आढ्याला टांगणार ते मात्र स्वतः नीट बघा. कार्ब्युरेटरच्या बारीक नळ्यांचे फोटो काढा, शिवाय प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाका. काळ्या नळ्या फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. बोल्ट जागेनुसार वेगळ्या पिशव्यांत. गिअरबॉक्स इंजिनासोबतच निघतो, म्हणून ड्राइव्ह शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर फरशीवर सांडेल.

सामान आधी आणून ठेवा: क्रँकची पुढची-मागची दोन्ही सीलं, कॅमचं सील, ड्राइव्ह शाफ्टची सीलं, टॅपेट कव्हर आणि चेंबरचं (खालच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग, टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, माउंटिंगची रबरं. मागचं सील फ्लायव्हीलच्या आड असतं. मी एकदा 'कोरडं तर आहे' म्हणून ते तसंच ठेवलं. दहा दिवसांत नव्या क्लच प्लेटला तेल लागलं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं. नवं सील बसवताना त्याच्या रबरी ओठाला बोटाने तेल लावा, कोरडं ढकलू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून रेडिएटरमध्ये बोअरवेलचं ओततात. त्या जड पाण्याचा क्षार आत चुन्यासारखा धरतो. ब्लॉकच्या अंगात पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्या आतून गंजतात आणि एक दिवस पाझरायला लागतात. इंजिन बाहेर असताना त्या बदलणं सोपं. टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागली की बदला. आपल्याकडे 'गरम होते' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. इंजिन नीट तापायलाच वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त खातं. नवा थर्मोस्टॅट बसवा, आणि कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटर आणा.

धुण्यासाठी डिझेल, ब्रश आणि भरपूर चिंध्या लागतील. धुण्याआधी कार्ब्युरेटरखालचं तोंड आणि प्लगची भोकं बंद करा.

बसवून झाल्यावर लगेच चावी मारू नका. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप लावा, कॉइलची वायर काढून ठेवा, प्लग बाहेर काढा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवा. बॅटरी आदल्या रात्रीच चार्जिंगला लावलेली असू द्या.