क्लच जड, गिअर अडकतो? क्लचप्लेट बदलण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, प्लेट गेली. किट टाकावं लागंल." दुसरा गिअर जरा अडला, पेडल जरा मऊ लागलं, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. गिअरबॉक्स खाली उतरतो, नवी प्लेट, ती दाबून धरणारी नवी प्रेशर प्लेट, नवं बेअरिंग पडतं, बिल भरलं जातं, आणि आठवडाभरात दुसरा गिअर पुन्हा तसाच अडतो. दोष प्लेटमध्ये नव्हताच. गाडी व्हर्टस जीटी असो, स्लाव्हिया १.५, आय-२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर, नाहीतर शेंद्र्यात जोडणी झालेली जुनी लॉरा. क्लचचा फील बिघडण्याची बरीच कारणं गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतात. शोध तळपायापासून सुरू करा. गिअरबॉक्सला हात सगळ्यात शेवटी.

निदान न करताच पाना उचलणं

क्लचचे आजार मुळात दोन, आणि ते एकमेकांच्या उलट. एक, क्लच घसरतो: पेडल सोडलेलं असतानाही प्लेट पूर्ण पकडत नाही. दोन, क्लच सुटत नाही: पेडल दाबलं तरी प्लेट थोडी चिकटून राहते. पहिल्या आजाराला बहुधा नवी प्लेट लागते. दुसऱ्याला फार कमी वेळा. गिअर अडणं, रिव्हर्सला कर्रकन आवाज येणं हे सगळं दुसऱ्या आजाराचं लक्षण, आणि औषध मात्र पहिल्याचं दिलं जातं.

दहा मिनिटांत कळतं. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच नीट सुटत नाही. बंद इंजिनावरही अडतात, तर क्लचचा संबंध नाही. गिअरची केबल, लिव्हरखालचे बुश किंवा गिअरबॉक्स बघायचा.

क्लच सुटत नाही असं दिसलं, तर पेडल भराभर तीन-चार वेळा मारून लगेच गिअर टाका. आता सहज पडला? मग क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला तेलाचा पंप, थकलाय. मास्टरची खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी, समोर कुणी नसताना, पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून ठेवा, ब्रेकवर पाय असू द्या. दीड-दोन मिनिटांनी ब्रेक हलकेच सोडा. गाडी पुढे सरकू पाहत असेल तर सील आतल्या आत दाब सोडतंय. बाहेर एक थेंबही गळलेला दिसणार नाही, म्हणूनच हा दोष सुटून जातो.

घसरण्याची चाचणी मोकळ्या सरळ रस्त्यावर. पाचव्या गिअरमध्ये साधारण २००० आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बोचा जोर आल्याबरोबर आरपीएमचा काटा उडी मारतो आणि वेग तिथेच राहतो, तर प्लेट घसरतेय. एकदाच करा. मित्रांना दाखवण्यासाठी परत परत केलं तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

मॅट

हसू येईल, पण सेव्हन-डी मॅट हे मोठं कारण आहे. जाड फोम आणि त्यावर दुसरं रबरी मॅट, म्हणजे पेडलची शेवटची १०-१५ मिमी चाल गेली. क्लच पूर्ण सुटतो तो नेमका त्याच टप्प्यात. मॅट काढून एकदा गाडी चालवा, मगच पुढचं वाचा.

ब्रेक ऑइल बदललं म्हणजे क्लचचंही बदललं असं धरणं

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डब्यातून तेल घेतात. सर्व्हिसमध्ये चार चाकांचं तेल बदलतात, क्लचच्या लाइनला कुणी हात लावत नाही. डब्यात सोनेरी तेल दिसतं आणि लाइनच्या दुसऱ्या टोकाला, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये पाच वर्षांचं काळं पाणी.

पाणी म्हणजे शब्दशः. डॉट ४ तेल हवेतली ओल शोषतं. नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. स्लेव्ह बसतो गिअरबॉक्सला चिकटून, काही गाड्यांत थेट बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश, जालना रोडवर सिडकोपासून क्रांती चौकापर्यंत सिग्नलमागून सिग्नल, आणि बॉनेटखाली तापलेला टर्बो. सकाळी ठणठणीत असलेलं पेडल दुपारी मऊ पडतं, पकड खाली सरकते. हे लक्षण 'सकाळी बरं, तापल्यावर वाईट' असं असेल तर आधी तेलच बदला. दर दोन वर्षांनी. डब्याच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर तेच. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ चालतं, नावावर जाऊ नका.

हवा काढताना घाई नडते. दोन माणसं, स्लेव्हवरच्या हवा सोडायच्या निप्पलवर नीट बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, आणि तळाशी बोटभर तेल असलेली बाटली एवढंच लागतं. नळीचं टोक त्या तेलात बुडालेलं हवं, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. आतल्या माणसाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायचं. खालच्याने निप्पल पाव फेरा उघडायचा, तेल वाहून थांबलं की बंद करायचा, आणि 'सोड' म्हणायचं. त्याआधी पेडल वर आलं तर केलेलं सगळं वाया. पेडल बऱ्याचदा स्वतःहून वर येत नाही, हाताने हळू उचलावं लागतं. घाबरू नका, दाब बनला की येतं. दर पाच-सहा फेऱ्यांनी डब्यात तेल ओता. क्लचची नळी डब्याच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी ब्रेकच्या आधी क्लच हवा ओढतो. २५० ते ३०० मिलि तेल गेलं, बुडबुडे थांबले आणि रंग स्वच्छ झाला की काम झालं. काही युरोपियन गाड्यांत निप्पलऐवजी प्लास्टिकची क्लिप असते, तिथे नळी एक खटका बाहेर ओढायची असते. जोर लावला की तुटते. तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, रंग उतरतो.

केबलचा क्लच असेल, जसा मारुतीच्या कित्येक गाड्यांत असतो, तर पेडलचा खेळ मोजा. साधारण १० ते २० मिमी, नेमका आकडा पुस्तिकेत. खेळ शून्य असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरते. जास्त असेल तर क्लच सुटत नाही. जड झालेल्या केबलमध्ये तेल सोडायचा मोह टाळा. आतलं प्लास्टिकचं अस्तर कोरडंच चालायचं असतं. तेलात आपली काळ्या मातीची धूळ बसली की आतून पॉलिश पेपर तयार. केबल नवीच टाका.

महागडं गिअर ऑइल

गिअर ऑइलच्या दर्जांत 'जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचं, म्हणजे चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही. गिअर सहज पडतो तो सिंक्रो रिंगमुळे. पितळेची ती रिंग गिअरच्या सुळक्यावर घासून दोघांचा वेग एक करते. घासायला घर्षण लागतं. जीएल-५ तेल डिफरन्शियलच्या (चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या) प्रचंड दाबासाठी बनलेलं, त्यात गंधक-फॉस्फरसचे पदार्थ जास्त. काही तेलांत ते पितळ खातात, आणि रिंग निसटत राहते. नवं तेल टाकल्यावर दुसरा-तिसरा गिअर आणखी अडायला लागला तर बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. पुस्तिकेत जो दर्जा आणि जी जाडी आहे, मग ती ७५डब्ल्यू-८० असो की ७५डब्ल्यू-९०, तीच.

तेल साधारण दोन लिटर लागतं, मॉडेलनुसार थोडं कमी-जास्त. आणि ही चूक तर हमखास होते: आधी खालचा बोल्ट खोलून जुनं तेल सोडायचं, आणि मग वरचा भरायचा बोल्ट गंजून बसलाय हे कळायचं. गाडी तिथेच उभी. भरायचा बोल्ट आधी खोला. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट करा, चारही चाकं सपाटीला ठेवा, नवं वॉशर टाका, आणि बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरायच्या भोकाच्या कडेतून तेल ओघळेपर्यंत भरा. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी पेस्ट दिसणं नेहमीचं. तेलात सोनेरी चमचम दिसली तर सिंक्रो झिजताहेत. नखाएवढे तुकडे असतील तर तेल बदलून काही होणार नाही.

कंपनी 'आयुष्यभराचं तेल' म्हणत असली तरी ५०-६० हजार किलोमीटरला बदलावं, असं आमचं मत.

परभणीच्या डिसेंबरात पहाटे दुसरा गिअर जड पडणं हा दोष नाही. तेल घट्ट असतं, सिंक्रोला वेळ लागतो. दोन-तीन किलोमीटर हळू टाका. त्यासाठी पातळ तेल शोधत फिरू नका.

बुश सोडून शॉर्ट शिफ्टर

लिव्हर न्यूट्रलला ढिला डुलतोय, कोणता गिअर आहे हे हाताला कळत नाही, म्हणून शॉर्ट शिफ्टर बसवला जातो. त्याने हाताची चाल कमी होते, पण तेवढाच जोर वाढतो आणि सिंक्रोला मिळणारा वेळ घटतो. केबलच्या टोकाचे बुश झिजलेले असतील तर तो ढिलेपणा छोट्या चालीत आणखी जाणवतो. आधी बॅटरीचा ट्रे काढून गिअरबॉक्सकडची केबलची टोकं बोटांनी हलवा. लिव्हर दुसऱ्याने हलवावा. लिव्हर हलतो आणि टोक हलत नाही, असा जो क्षणभराचा पोकळ भाग दिसतो तोच तुमचा हरवलेला फील. बुश स्वस्त असतात, बऱ्याच गाड्यांत तासाभरात बसतात. झिप-टायने आवळून चालतं ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. रबरी बुशवर पेट्रोलियमचं साधं ग्रीस नको, बरेच रबर त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीस लावा, तेही अगदी थोडं.

इंजिनचा खालचा माउंट फाटला असेल तर ॲक्सिलरेटर सोडताच अख्खं इंजिन पुढे-मागे झुलतं आणि गिअर नेमका तेव्हाच अडतो. माउंट बदला. पॉलियुरेथेनचा घातलात तर फील कडक होतो खरा, पण थांबलेल्या गाडीत स्टिअरिंग थरथरेल. घरच्या माणसांना आधी विचारा.

हाफ क्लचवर ऊसाच्या ट्रॉलीमागे

गाळपाच्या दिवसांत लातूर-बीडकडे डबल ट्रॉलीमागे ताशी १५ ने रांगणं, किंवा कन्नडच्या औट्रम घाटात चढावर गाडी क्लचवर तोलून धरणं, याने प्लेट वितळत नाही, पण काचेसारखी गुळगुळीत होते. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी हादरत निघते. चढावर हँडब्रेक वापरा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग क्लच पूर्ण सोडून चाला. जुनी गाडी घेतानाही हेच बघा: समृद्धीवर सहाव्या गिअरमध्ये झालेले साठ हजार किलोमीटर आणि शहरात झालेले साठ हजार यांत क्लचच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक.

लिव्हरवर हात टेकवून चालवू नका, शिफ्ट फोर्क कायम घासत राहतो.

प्लेट खरंच गेली असेल तर

आता गिअरबॉक्स उतरणारच, तर अर्धवट काम करू नका. मजुरी तीच. रिलीज बेअरिंग, आतला स्लेव्ह असेल तर तो, आणि क्रँकचं मागचं सील ओलं असेल तर तेही बदला.

बसवताना तीन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट सरकते त्या खाचांवर, ग्रीस हरभऱ्याच्या दाण्याएवढं, पसरून मग पुसलेलं. जास्त झालं तर ते फेकलं जाऊन प्लेटवर बसतं. प्लेटवर 'गिअरबॉक्स साइड' छापलेलं असतं, ती बाजू तिकडेच. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकता कामा नये. बोल्ट शोधेपर्यंत तो दोन मिनिटं लटकला तरी प्लेटचा मधला हब वाकतो, आणि नवाकोरा क्लच पहिल्या दिवसापासून सुटत नाही. जॅक खाली हवाच. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे.

रीमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीला जास्त पकडीचा क्लच लागतो, पण रोज चालवायची असेल तर सिरॅमिकचे तुकडे असलेली प्लेट टाळा. ती एकतर पकडते नाहीतर सुटते, मधलं काही नसतं. स्प्रिंग असलेल्या हबची ऑरगॅनिक प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट पुरते. ड्युअल मास फ्लायव्हील (झटके शोषणारं दोन भागांचं चाक) काढून साधं घातलं तर न्यूट्रलला खडखड येणार, हे धरून चाला.

नवी प्लेट बसायला ५०० ते ८०० किलोमीटर लागतात, तेही गिअर बदलत शहरात चालवलेले. या काळात पकड थोडी वर-खाली सरकते, हलका वासही येतो. जोरात उचल आणि रीमॅपची मजा त्यानंतर.