शाळेत मुलाला मारहाण झाली, तर पालकांनी या चुका टाळाव्यात

आठवी ते बारावीच्या वयातले मूल शाळेत मार खाऊन घरी येते, तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर वडील आणि काका मोटरसायकली काढून समोरच्याच्या गल्लीत जाऊन उभे राहतात, नाहीतर गावात चर्चा नको म्हणून घरातच सगळे दाबले जाते आणि मुलाला चार दिवस मामाच्या गावी पाठवले जाते. पहिल्या प्रकारात राग असतो, दुसऱ्यात लाज असते आणि दोन्हींमागे मायाच असते, हे मान्य आहे. पण ज्याला मार बसला त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यायचे दोन्हींत राहून जाते, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

उलटतपासणीने सुरुवात करणे

"तू काय केलं होतंस?", "तुलाच का मारलं?", "तू पण दोन ठेवून द्यायच्या होत्या" ही वाक्ये आपल्याकडे तोंडातून सहज निघतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वर्गासमोर झालेल्या अपमानानेच अर्धा खचलेला असतो. त्यात घरच्यांनीही त्याचीच चूक शोधायला घेतली की तो गप्प होतो, आणि नंतर खरी हकिगत कळायला आठवडे लागतात. घरात अहिराणी बोलली जात असेल तर अहिराणीतच, "काय व्हयनं, भाऊ?" एवढेच विचारावे आणि थांबावे. त्याला मध्ये तोडू नये, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत आणि पाहुण्यांसमोर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये.

त्याचे सांगून झाले की त्याच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवावे: मधली सुट्टी होती की शाळा सुटली होती, जागा सायकल स्टँडची की मैदानामागची, कोण कोण होते, कोणी पाहिले, कोणत्या सरांना किंवा मॅडमना सांगितले आणि ते काय म्हणाले. तारीख आणि वेळ टाकायला विसरू नये. "कोणालाच सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये, कारण ते बहुधा पाळता येत नाही. "तुला सांगितल्याशिवाय कोणतेही पाऊल उचलणार नाही" हे वचन द्यावे आणि ते पाळावे.

हळद-चुना लावून सकाळची वाट पाहणे

मुका मार आहे, सूज उतरेल, असे म्हणून रात्र काढली जाते. डोक्याला मार असेल तर हे जिवावर बेतू शकते. पुन्हा पुन्हा उलटी होणे, गुंगी येणे, बोलण्यात गोंधळ, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. पोटात लाथ बसली असेल आणि पोट दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. मुलगे अंडकोषाला लागलेला मार लाजेने लपवतात. तिथे कळ थांबत नसेल तर उपचाराला काही तासांचाच अवधी असतो, म्हणून वडिलांनी हा प्रश्न स्वतः, एकांतात आणि सरळ विचारावा.

दुसरी चूक कागदाची असते. जवळच्या खासगी दवाखान्यात जाऊन "पडून लागलं" असे सांगितले जाते आणि तेच केसपेपरवर येते. डॉक्टरांना मारहाण झाली हेच सांगावे आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला लावावी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय रुग्णालयात ती होते. ही नोंद केवळ औपचारिक नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत (कलम 115) आणि गंभीर दुखापत (कलम 117) वेगळ्या आहेत. हाड किंवा दात मोडणे, सांधा निखळणे, पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे किंवा तितके दिवस रोजचे व्यवहार करता न येणे, हे गंभीर दुखापतीत मोडते. साधी दुखापत अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. गंभीर दुखापत दखलपात्र आहे. तेव्हा एक्स-रे काढला की नाही, हलणाऱ्या दाताची नोंद झाली की नाही, यावर पोलीस ठाण्यातला पुढचा सगळा मार्ग ठरतो. दोन दिवसांनी नवे वण उमटले तर पुन्हा जाऊन त्यांचीही नोंद करून घ्यावी.

शर्ट धुणे आणि व्हिडिओ फिरवणे

आईचा हात आपोआप मळक्या, फाटक्या शर्टाकडे जातो. तो धुऊ नये, बटणे पुन्हा लावू नयेत. रक्ताचा डाग ओला असेल तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावा आणि पिशवीवर तारीख लिहावी. जखमांचे फोटो उजेडात, एक जवळून आणि एक चेहऱ्यासह, असे काढावेत. धमकीचे मेसेज आले असतील तर मुलाने घाबरून ते पुसण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत.

अलीकडे मारहाणीचे चित्रीकरण मुलेच करतात. तो व्हिडिओ मिळाला तर जपून ठेवावा आणि पोलिसांना द्यावा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "न्याय मिळालाच पाहिजे" असे लिहून टाकू नये. एकदा फिरलेला व्हिडिओ परत घेता येत नाही, आणि आपले मूल मार खाताना सगळ्या तालुक्याने पाहिले ही जखम मारापेक्षा जास्त दिवस राहते. शिवाय बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार पीडित असो की आरोपी, बालकाची ओळख प्रसारित करणे हाच गुन्हा आहे.

समोरच्याच्या घरी धडकणे

मारणारा मुलगाही बहुधा अल्पवयीन असतो. त्याला पालकाने थोबाडीत मारली की बाजू पालटते: प्रौढ माणसाने लहान मुलाला मारले, घरात घुसले, असा गुन्हा वडिलांवरच दाखल होतो आणि मूळ घटना मागे पडते. मग दोन्हीकडचे तक्रार मागे घेण्याच्या सौद्याला बसतात. भाऊबंदकीत किंवा एकाच गल्लीत घरे असतील तर हे वैर मुलांच्या लग्नापर्यंत चालते. समोरच्या पालकांशी बोलायचे झालेच, तर ते मुख्याध्यापकांच्या समोर आणि शाळेतच बोलावे.

तोंडी तक्रारीवर विसंबणे

"मी बघतो दादा, तुम्ही काळजी करू नका" असे सर मनापासून म्हणत असतील, तरीही अर्ज लेखी द्यावा. अर्ज लांबलचक नको. "माझा मुलगा इयत्ता नववी, तुकडी ब मध्ये शिकत असून, दिनांक अमुक रोजी मधल्या सुट्टीत सायकल स्टँडजवळ त्यास मारहाण झाली" येथून सुरुवात करावी आणि मागण्या नेमक्या लिहाव्यात: साक्षीदार मुलांची विचारपूस, त्या जागेचे सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करणे, माझ्या मुलाच्या सुरक्षेसाठी तात्काळ व्यवस्था आणि कार्यवाहीचे लेखी उत्तर. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये. घेण्यास नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. सीसीटीव्हीची मागणी पहिल्याच दिवशी करावी, कारण साठवण भरली की जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते.

शाळा दाद देत नसेल तर गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे प्रत द्यावी. आश्रमशाळेची व्यवस्था वेगळी आहे. तिथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावे लागते. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथे ही कार्यालये आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडचे अनेक पालक ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले असतात आणि त्यांना घटना सणाला घरी आल्यावर कळते. अशा पालकांनी जाण्यापूर्वीच वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे एका जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर लेखी नोंदवावा, आणि 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलाला तोंडपाठ करून द्यावा.

मारणारे स्वतः शिक्षक असतील तर "शिस्तीसाठी मारलं" हे उत्तर स्वीकारू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने आठवीपर्यंत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने अठरा वर्षांखालील मुलाला क्रूर वागणूक दिल्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम 75 लागू होते.

पोलीस ठाण्याबद्दल अर्धवट माहितीवर चालणे

अनेक पालक "एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि घालवून दिलं" म्हणून निराश होतात. अदखलपात्र नोंदीचीही प्रत जपून ठेवावी. पुन्हा मारहाण झाली तर तीच जुना त्रास दाखवते. दखलपात्र गुन्ह्यात हद्दीचे कारण सांगून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. तरीही नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर सर्वात गंभीर गुन्हे वगळता साधारणतः एफआयआरऐवजी स्टेशन डायरीत नोंद होऊन प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. पोलीस टाळत आहेत असा त्याचा अर्थ नेहमीच होत नाही. ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांना भेटावे. आदिवासी किंवा दलित मुलाला जातीवरून शिवीगाळ करून मारले असेल आणि मारणारा त्या समाजांबाहेरचा असेल, तर तेही तक्रारीत स्पष्ट लिहावे, म्हणजे 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बालकांना मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक 15100 आहे.

लैंगिक अत्याचार "मारामारी" म्हणून सांगणे

कपडे उतरवणे, गुप्तांगाला हात लावणे, वसतिगृहात मोठ्या मुलांनी लहान मुलाशी केलेले प्रकार हे मस्करीत मोडत नाहीत. 2012 चा पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा मुलांनाही मुलींइतकाच लागू आहे, आणि हे वाक्य खानदेशातल्या प्रत्येक बापाने ऐकावे असे मला वाटते, कारण मुलग्यांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वात जास्त दडपली जाते. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. "आधी संस्थेची चौकशी होऊ द्या" असे त्यांना म्हणता येत नाही. बदलापूरच्या शाळेत मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट 2024 मधील प्रकरणात माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला होता. मुलाला अंघोळ न घालता रुग्णालयात न्यावे. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय आणि पालकांसमोर घ्यायचा असतो, हे पालकांना माहीत असले पाहिजे.

अशा प्रकरणात पंच बसवून, पैसे ठरवून "मिटवणे" चालत नाही. राजस्थानातील एका शिक्षकाने विद्यार्थिनीशी केलेल्या गैरवर्तनाच्या प्रकरणात तिच्या वडिलांशी झालेल्या तडजोडीवरून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वर्गमित्रांमधल्या साध्या धक्काबुक्कीत समेट होऊ शकतो आणि पुष्कळदा व्हावाही. पण तो मुलाला विचारून, लेखी आणि शाळेच्या नोंदीत असावा. सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या शब्दाखातर मुलाला सगळ्यांसमोर हात मिळवायला लावणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मान खाली घालायला लावणे आहे.

दाखला काढण्याची घाई करणे

"तुम्हीच दाखला घेऊन जा" असे शाळेने सुचवले तर लगेच मान डोलावू नये. ज्याला मार बसला त्यानेच शाळा सोडावी, हा न्याय नाही. दहावी-बारावीचे वर्ष असेल तर नाशिक विभागीय मंडळाचे नियमही आधी विचारून घ्यावेत. बहुतेक मुले ओळखीच्या व्यवस्थेत परत रुळतात: पहिले काही दिवस सोबतीला एक मित्र, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारे एक ठरलेले शिक्षक, येण्याजाण्याची वेगळी एसटी फेरी. झोप उडणे, सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणे, चिडचिड, जेवण तुटणे हे महिनाभर टिकले तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या समुपदेशकांशी मराठीत बोलता येते. मरणाची भाषा मुलाच्या तोंडी एकदाही आली तर महिनाभर थांबू नये, त्याच दिवशी न्यावे आणि रात्री त्याला एकटे झोपू देऊ नये.

मुलीच्या बाबतीत होणारी चूक सर्वात मोठी आहे. छेडछाड किंवा मारहाण झाली की तिची शाळा बंद केली जाते आणि वर्षभरात स्थळे पाहायला सुरुवात होते. अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहेच, पण त्याहीआधी, तिच्यावर झालेल्या अन्यायाची शिक्षा तिच्याच शिक्षणाला दिली जाते. ती शाळा खरोखर सुरक्षित राहिली नसेल तर दुसऱ्या गावची शाळा पाहावी. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. कोणत्या शाळेत जायचे आणि कोणत्या मैत्रिणीसोबत, हे तिला विचारून ठरवावे.