गोठ्यातला जुना ट्रॅक्टर आधी चालू करा, आठवणी मग विचारा

नागपूर जिल्ह्यात मौद्याकडं, रामटेककडं, पारशिवनीकडं जा, धानाच्या कोणत्याही गावात गोठ्याच्या टिनाखाली एखादा जुना ट्रॅक्टर उभा दिसतोच, बोनेटवर कोंबड्या अन् सीटवर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, भारा. आता नागपूरवरून सुटीत गावी जाणारी आपली पिढी काय करते, तर मोबाईल रेकॉर्डिंगवर लावते अन् विचारते, "मोठेबाबा, तुमच्या वेळी ट्रॅक्टरनं धान कसं करायचे हो?" उत्तर येतं, "करत होतो बाप्पा, जसं जमलं तसं." झालं, संपलं. मी दोन दिवाळ्या हेच केलं. तिसऱ्या दिवाळीत आधी ट्रॅक्टर चालू केला, अन् इंजिननं आवाज धरल्याबरोबर मोठेबाबा खाटेवरून उठून आले, सीटवर बसले, डावा पाय क्लचवर अन् हात न पाहता गिअरच्या दांडीवर, अन् मग जे बोलायला लागले ते रात्रीच्या जेवणापर्यंत. म्हणून सांगतो, क्रम उलटा करा.

पहिले आपल्याकडं कोणता आहे ते ओळखा. रेडिएटरच नसेल अन् एकच सिलिंडर असेल तर जुना आयशर असायची शक्यता जास्त, त्यांचा पहिला ट्रॅक्टर 1959 मध्ये फरीदाबादला निघाला. दोन सिलिंडरचा 25 हॉर्सपॉवरचा असेल तर एचएमटी 2511 पहा, तो झेटरच्या डिझाइनवरचा, पिंजोरच्या कारखान्यातला. तीन सिलिंडर म्हणजे मॅसी 1035 असू शकतो, चार म्हणजे महिंद्राचा बी-275, जो मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. अन् मोठेबाबा "एचएमटी" म्हणाले तर तिथंच थांबवून विचारा, ट्रॅक्टर का धान? कारण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी जे धान निवडून काढलं त्याला एचएमटी घड्याळावरून नाव पडलं, अन् त्याच कंपनीनं ट्रॅक्टरही काढले, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीचा पार गोंधळ होतो.

आता चालू करायचं. वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरला थेट सेल्फ मारू नका, ओढूनही चालू करू नका, ही सगळ्यात मोठी चूक. ऑइलची पट्टी काढून पहा, ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, मग मिस्त्री बोलवा, पुढचं काही करू नका. ऑइल ठीक असलं तरी बदलाच. एअर क्लीनरची वाटी उघडा, आमच्यात उंदरानं तणसाचं अख्खं घरटं केलं होतं अन् खाली ऑइलचा डांबरासारखा गोळा. टाकीतलं डिझेल पूर्ण काढा, पाणी तळाशी बसलेलं असतं ते काचेच्या बाटलीत धरलं की वेगळं दिसतं. फिल्टर नवे टाका, त्यात पैसे वाचवू नका.

मग इंजिन हातानं फिरतं का ते पहा. वरच्या गिअरमध्ये टाकून दोघा-तिघांनी मागचं चाक पुढं-मागं हलवायचं, फॅनची पुली हलली म्हणजे जाम नाही. जाम असेल तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून सिलिंडरमध्ये डिझेल अन् ऑइल मिसळून सोडा अन् चार-पाच दिवस वाट पहा, जोर लावू नका. क्लचही पहा, पावसाळ्याच्या ओलीनं क्लच प्लेट चिकटते, पाय दाबला तरी गिअर सुटत नाही.

एअर काढणं, म्हणजे डिझेलच्या नळ्यांतली हवा काढणं, हे खरं काम. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हात वर-खाली करत रहा, पहिले फेस येतो, मग एक-एक बुडबुडा, मग बुडबुडे संपून डिझेलची सरळ धार, तिथं स्क्रू घट्ट. मग डिझेल पंपावर तसंच. शेवटी नोझलचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा अन् डिझेल दिसलं की एकेक आवळायचा, पण तिथं बोट किंवा तोंड अजिबात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. स्टॉपर, म्हणजे इंजिन बंद करायची दांडी, ओढून ठेवून आधी नुसतं फिरवा, ऑइलच्या दाबाचा काटा हलला की मगच स्टॉपर सोडा. अन् हे सगळं गोठ्यात नाही, बाहेर अंगणात, ट्रॅक्टर न्यूट्रलला, चाकाला दगड, एक माणूस एअर क्लीनरजवळ लाकडाची फळी घेऊन उभा. पंप अडकला असेल तर इंजिन आपोआप रेस होत जातं अन् स्टॉपरलाही ऐकत नाही, तेव्हा हवेचं तोंड फळीनं दाबून बंद करायचं. ब्रेक तपासल्याशिवाय जागेवरून हलवू नका, धानाच्या ट्रॅक्टरचे ब्रेक चिखलानं कधीचे गेलेले असतात.

चालू झाला की लगेच बोलायला लावू नका, आधी मशीनवरच्या खुणा दाखवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला गोल ओरखडे असतील तर ते लोखंडी चाकांचे, चिखलणीच्या वेळी टायरला जोडायची ती. पुढच्या चाकाच्या हबमध्ये ग्रीसऐवजी वाळलेला चिखल निघेल. एकेक खूण दाखवून विचारा, "हे काऊन झालं?" आमच्या मडगार्डला एक पोच होता, आम्हाला वाटायचं भिंतीला ठोकला असेल. मोठेबाबा म्हणाले, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मागची चाकं रुतली, चाकाला लाकूड बांधून काढायला गेले अन् ट्रॅक्टरचं तोंड वर उठलं, क्लच दाबला म्हणून वाचले. मागचं चाक अडलं की पुढचा भाग असाच उलटतो, हे आज चालवणाऱ्यानंही लक्षात ठेवायला पाहिजे, अडकला तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं खालच्या बाजूनं ओढून काढा.

विचारायचं ते हातानं केलेल्या कामाचं विचारा. परे, म्हणजे धानाची रोपं, कोण खणायचं, रोवणीच्या आधी एका बांधीला किती वेळा चिखलणी, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ट्रॅक्टर पलीकडं कसा न्यायचा, रात्री चालवताना उजेड कशाचा. अन् चुरण्याचं, म्हणजे मळणीचं, नक्की विचारा, थ्रेशर यायच्या आधी पुंजणे, म्हणजे धानाच्या गंजी, फोडून खळ्यावर धान पसरायचं अन् त्यावरून ट्रॅक्टर गोल-गोल फिरवायचा, बायका काठीनं तणस उलटत जायच्या. मोठीआई तिथंच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या की ट्रॅक्टर वळला की डिझेलचा वास धानाला लागायचा म्हणून सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे ते पाहून उभं राहायचं. हे मोठेबाबांना माहीतच नव्हतं. बायकांना वेगळं बसवून विचारा, पुरुषांसमोर त्या मध्येच थांबतात.

हार्वेस्टर घरचा नसतो, तो पंजाबवरून हंगामाला येणारा, म्हणून त्याची आठवण गावात फिरून जमवावी लागते. स्वराजचा 8100 हा 1980 चा, भारतात बनलेल्या सुरुवातीच्या हार्वेस्टरपैकी. कुठं जुना उभा दिसला तर मळणीच्या ड्रमचं झाकण उघडून पहा, दातांचा ड्रम म्हणजे धानाचा, पट्ट्यांचा म्हणजे गव्हाचा. गावात विचारा, पहिल्यांदा आला तेव्हा कोणाचा धुरा फोडून आत घेतला, कारण आपल्या बांध्या लहान अन् मशीन रुंद, त्यावरून भाऊबंदकीत भांडणं झालेली असतात. टायरचा हार्वेस्टर ओल्या बांधीत रुतायचा, टायरऐवजी चेनवर चालणारा आला तेव्हा फरक पडला. तणस बारीक होऊन पसरायची, गाईम्हशीवाले नाराज.

ट्रॅक्टर घरी कधी आला ते वर्ष पक्कं करायला आठवणीवर जाऊ नका. आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, नसेल तर जुना सातबारा अन् फेरफार काढा, ट्रॅक्टरचं कर्ज जमिनीवर घेतलं असेल तर इतर हक्कात बोजा चढलेला असतो अन् फेरफारावर तारीख सापडते. नंबर प्लेट एमएच-31 ने सुरू होत असेल तर ती नव्या पद्धतीची, त्याआधीच्या प्लेटवर एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची.

बंद करताना पाच मिनिटं हळू चालू द्या, मग स्टॉपर ओढा, बॅटरीची वायर काढा. रेकॉर्डिंग तेव्हाही चालूच ठेवा, आमचं इंजिन थांबल्यावर मोठेबाबा बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "याला धुऱ्याच्या त्या कडुनिंबाखाली ठेवत होतो, टिनाखाली नाही."