टेलिहेल्थ तुम्हाला खरंच स्वस्त पडेल का? हिशोब असा करा

बीपी, शुगर, दमा, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी होणं) असं कायमचं काही मागे लागलं की कोणी ना कोणी सांगतंच, अहो टेलिहेल्थ घ्या ना, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला आणि देखरेख फोनवरून, ऑनलाइनच, पैसे वाचतील. वाचतातही, पण सगळ्यांचे नाही. त्यामुळे एखाद्या कंपनीचं पॅकेज घ्यायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा.

पहिल्यांदा मागच्या वर्षभराचा खर्च काढा. नुसती फी लिहून थांबू नका, जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेला पगार, सोबत आलेल्या माणसाचा खाडा हे पण धरा, आणि अचानक ॲडमिट व्हावं लागलं असेल तर ते बिल वेगळं लिहा, कारण मोठी बचत झाली तर तिथेच होते, फीमध्ये नाही.

मग त्या भेटींची छाननी करा. रिपोर्ट दाखवला, गोळ्या त्याच चालू ठेवल्या, अशा भेटी व्हिडिओ कॉलवर आरामात होतात. पण शुगरवाल्यांची पायाची आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, छाती ऐकणं, रक्त देणं याला जावंच लागतं. कॉलवर दाखवून शेवटी "एकदा येऊन जा" असंच होणार असेल तर दोनदा फी भरली, बचत कसली!

आता घरी मोजायच्या मशीनचं. ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली, २०१८ साली तिचे निकाल आले. काही लोकांचं बीपी नेहमीसारखं दवाखान्यात बघून औषध ठरवलं, काहींनी घरी मोजून कागदावर लिहिलं आणि काहींनी घरी मोजून मोबाइलवरून पाठवलं, आणि डॉक्टरांनी त्यावरून औषध बदललं. वर्षभरानंतर वरचं बीपी सरासरी १४०, १३७ आणि १३६ असं निघालं. म्हणजे फायदा घरी मोजण्याचा आणि त्यावर डॉक्टरांनी काहीतरी करण्याचा, कागद की ॲप हा फरक किरकोळच! त्यामुळे माझं मत, बीपीसाठी आधी साधं दंडावर बांधायचं मशीन घ्या, पट्टा दंडाच्या मापाचा बघा (लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो), पाच मिनिटं शांत बसून मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर, आणि पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी डॉक्टरांना कळवा. घरचं सरासरी १३५/८५ किंवा वर राहत असेल तर ते जास्त धरतात.

रोजच्या देखरेखीचं महागडं पॅकेज कोणाला परवडतं मग? ज्यांना वारंवार ॲडमिट व्हावं लागतं त्यांना. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते बहुतेक अंगात साठलेलं पाणी असतं, आणि त्याच दिवशी कोणी फोन करून औषध वाढवलं तर ॲडमिशन टळू शकतं. पण सरसकट सगळ्यांना मशीनं वाटली की गणित बिघडतं. इंग्लंडमध्ये शुगर, हार्ट फेल्युअर आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसांचा जुनाट आजार, ज्यात श्वास अडकतो) पेशंटवर मोठा प्रयोग झाला होता, त्यात मृत्यू कमी दिसले, तरी २०१३ मध्ये हिशोब आला तेव्हा चांगल्या तब्येतीच्या एका वर्षामागे जादा खर्च सुमारे ९२,००० पौंड निघाला, आणि तिथे तेव्हा साधारण २० ते ३० हजारांपर्यंतच परवडणारं मानायचे.

म्हणून पैसे भरायच्या आधी कंपनीला सरळ विचारा: माझे आकडे रोज कोण बघतं, माणूस की नुसतं ॲप? रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काय? बघणाऱ्याला औषधाचा डोस बदलता येतो का, की तो फक्त "डॉक्टरांना भेटा" म्हणतो? मशीनचं भाडं वेगळं लागतं का? पहिल्याच प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं तर तिथेच सोडून द्या.

आणि वर्षाचं पॅकेज एकदम घेऊ नका, तीन महिन्यांचं घ्या. एचबीए१सी ही रक्ताची टेस्ट साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवते, त्यामुळे सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा केली की शुगरवाल्यांना फरक कळतो. आकडा तिथेच, चकराही तेवढ्याच, तर ऑटो-रिन्यू बंद करा. छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं तर मात्र कॉल लावत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, पॅकेजमध्ये काहीही लिहिलेलं असो.