टिथर होते, इथर नव्हते
माझ्या क्रिप्टो वॉलेटमध्ये २०० टिथर (डॉलरच्या किमतीशी जोडलेले डिजिटल चलन) दिसत असूनही ते पाठवताना ‘शुल्कासाठी पुरेशी शिल्लक नाही’ असा संदेश येत होता आणि पाठवण्याचे बटण काही केल्या उजळेना. माझे टिथर इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कवर होते; तिथे टोकन कोणतेही पाठवा, शुल्क इथर या नेटवर्कच्या स्वतःच्या चलनातच कापले जाते, आणि माझ्याकडे इथर शून्य होते. टिथर पाठवायला साधारण ६५,००० गॅस (व्यवहारासाठी लागणाऱ्या कामाचे एकक) लागतो. त्या वेळी एका गॅसचा दर २० ग्वेई (एक ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जावा भाग) होता, म्हणजे शुल्क ०.००१३ इथर. एक्स्चेंजवरून ०.००३ इथर मागवताना मी स्वस्त पडते म्हणून आर्बिट्रम हे इथेरियमवर आधारलेले पण वेगळे नेटवर्क निवडले. पत्ता तोच असल्याने रक्कम पोहोचली खरी, पण मुख्य इथेरियम नेटवर्कवर तिचा काडीचाही उपयोग नव्हता. दुसऱ्यांदा इथेरियम नेटवर्क निवडून तेवढेच इथर मागवले, तेव्हा काही मिनिटांत बटण उजळले आणि टिथर रवाना झाले. आर्बिट्रमवरचे इथर अजून तिथेच पडून आहे.