शाळेत काउन्सेलर आहे पण मुलं येतच नाहीत? या चुका टाळा

सरकारी शाळेत काउन्सेलर नेमला, खोली दिली, दारावर पाटी लावली, आणि सहा महिन्यांनी रजिस्टर उघडलं तर आत चार नावं, तीही मारामारी केली म्हणून पाठवलेली. मग मीटिंगमध्ये म्हणतात आमच्या मुलांना तसले प्रॉब्लेम नाहीत. असं नसतं हो. जगभरात १० ते १९ वयातल्या साधारण सातातल्या एकाला मानसिक आजार असतो असं डब्ल्यूएचओ सांगतं, म्हणजे पन्नासच्या वर्गात सातेक जण. ती मुलं आहेतच, फक्त तुमच्या दारापर्यंत येऊन परत जातात.

सगळ्यात आधी बोलावण्याची पद्धत बघा. चालू तासाला शिपाई येतो, दारातूनच मोठ्याने नाव घेतो "काउन्सेलिंगला बोलावलंय", अख्खा वर्ग मागे वळून बघतो, मागच्या बाकावरून कोणीतरी "ओऽऽ" करतं, संपलं, तो मुलगा पुन्हा येत नाही. मी स्वतः वर्षभर असंच बोलवायचे, कळतच नव्हतं काय चुकतंय ते. नंतर साधी चिठ्ठी सुरू केली, "ऑफिसात ये" एवढंच, लायब्ररीच्या पुस्तकासाठी जाते तशीच, आणि दर वेळी वेगळा तास. खेळाचा तास मात्र कधीच घ्यायचा नाही, ज्याला आधीच कशात रस वाटत नाहीये त्याची उरलेली एक आवडती गोष्ट आपणच कशाला काढून घ्यायची?

आणि शिक्षा म्हणून काउन्सेलिंगला पाठवणं बंद करा. "आता तुला मॅडमकडेच पाठवते थांब" हे एकदा वर्गात बोललं गेलं की ती खोली म्हणजे पोलीस चौकी.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मूल खुर्चीच्या टोकावर बसतं, हातातल्या पेनाचं टोपण काढतं लावतं काढतं लावतं, आणि विचारतं, "मॅडम, कोणाला सांगणार नाही ना?" आपल्याला एवढी माया येते की तोंडातून निघून जातं, "नाही रे, कोणालाच नाही." आणि पुढच्या वाक्यात ते सांगतं की घरात कोणीतरी अंगाला हात लावतं, किंवा जगावंसं वाटत नाही. आता सांगितलं तर शब्द मोडला, नाही सांगितलं तर मूल धोक्यात. म्हणून त्याने तोंड उघडायच्या आधीच सांगायचं: इथलं बोलणं इथेच राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्या कोणाला इजा करणार असशील किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घ्यायच्या आधी मी तुला सांगेन. मुलं हे ऐकून पळून जातील असं वाटतं, पण उलट थोडी सैल होतात. बाकी स्टाफरूममध्ये चहा पिताना "अगं त्या नववीतल्या मुलीचं कळलं का" हे करणाऱ्यांना काय सांगायचं, मुलांना ते दुपारपर्यंत कळलेलं असतं.

फॉर्म भरून घेण्याची घाई हा वेगळाच प्रकार. पीएचक्यू-९ म्हणजे डिप्रेशनची लक्षणं तपासायचा फॉर्म, त्यात नऊच प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, सोपं वाटतं म्हणून शनिवारी दोन वर्गांकडून भरून घेतात आणि गठ्ठा कपाटात. पण नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे! एखाद्याने तिथे "जवळजवळ रोज" वर खूण केली असेल आणि तुम्ही सोमवारी बघताय. त्याच दिवशी वाचून त्याच दिवशी त्या मुलाशी बोलायला माणूस नसेल तर फॉर्म वाटूच नका. आणि स्कोअर जास्त आला म्हणजे डिप्रेशन आहेच असं पालकांना फोनवर सांगू नका, ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती चुकीची आहे, अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही. "मरावंसं वाटतं का, कसं करायचं ते ठरवलंयस का" असं साध्या आवाजात विचारा. उत्तर हो आलं तर पालक येईपर्यंत मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, बाथरूमलासुद्धा नाही, आणि घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा हे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगायचं.

सगळं शिक्षकांवर ढकलणं ही प्रशासनाची आवडती चूक. बिहारच्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमधला सेहेर नावाचा अभ्यास २०१८ ला आला, त्यात मुलांच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम ट्रेनिंग दिलेल्या साध्या काउन्सेलरने चालवला तिथे शाळेचं वातावरण बरंच सुधारलं, शिक्षकांनी चालवला तिथे फरक पडला नाही. शिक्षक वाईट म्हणून नाही, पण पेपर तपासायचे, हजेरी भरायची आणि त्यातच हेही, कसं जमणार. शिक्षकाने ओळखावं आणि पोचवावं, बस. सारखं पोट दुखणारी मुलगी, अचानक चिडका झालेला मुलगा, वही कोरी ठेवणारा हुशार पोरगा, हे त्यालाच आधी दिसतं. तसंच सगळ्यांना एकदम डोळे मिटून बसवलं की काम झालं असंही नाही, ब्रिटनमध्ये ८४ शाळांत माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, शिकवून बघितलं, २०२२ च्या निकालात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

डॉक्टरांकडे रेफर केलं की सुटलो, असंही नसतं. चिठ्ठी दप्तरातच राहते, कारण पालकांची एक दिवसाची मजुरी बुडते किंवा लोक काय म्हणतील. दोन आठवड्यांनी फोन करा, "गेलात का" असं नाही, "कुठे अडलं" असं विचारा.

आणि मूल दवाखान्यातून परत शाळेत येतं त्या दिवशी गेटवर कोणीतरी ओळखीचं उभं असू द्या, राहिलेला अभ्यास त्या आठवड्यात मागू नका, आणि "इतके दिवस कुठे होतास" ला काय उत्तर द्यायचं ते त्याच्याशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.