मुल्कीत स्वस्तात सर्फिंग: या चुका टाळा

मुल्कीला सर्फिंगला निघालेली मित्रमंडळी पैसे वाचवतात ते नेमके नको तिथे. कोचचे पैसे वाचवतात आणि रिक्षात घालवतात. मंगळुरात स्वस्त खोली घेतात आणि सकाळचं पाणी हुकवतात. मुल्की हे दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं छोटं गाव, मंगळूरच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर, महामार्ग ६६ ला लागून. देशातला पहिला सर्फ क्लब इथे २००४ साली सुरू झाला. शेजारच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा भरतात. मुंबईहून शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी सकाळी परत येईपर्यंत दोन चांगली सेशन सहज होतात. तरीही दर हंगामात त्याच त्या चुका पाहायला मिळतात.

एकाने शिकायचं आणि त्याने बाकीच्यांना शिकवायचं

ही सगळ्यांत महागडी चूक आहे. एका गटाचं उदाहरण देण्यासारखं आहे. सहा जण, बजेट घट्ट. ठरलं असं की एकाने शनिवारी कोचबरोबर सेशन करायचं, रविवारी दोन बोर्ड भाड्याने घ्यायचे आणि त्याने बाकीच्या पाचांना शिकवायचं. रविवारी आरामात नाश्ता करून मंडळी दहाच्या सुमारास पाण्यात उतरली, तीही नदीच्या मुखाजवळ, कारण तिथे पाणी सपाट आणि शांत दिसत होतं. ओहोटी लागलेली होती.

ससिहित्लूला नंदिनी आणि शांभवी या नद्या समुद्राला मिळतात. भरतीत आत शिरलेलं पाणी ओहोटीत नदीच्या प्रवाहासकट बाहेर पडतं, आणि मुखाशी वाट अरुंद असल्यामुळे त्याला जोर येतो. जिथे लाट फुटत नाही आणि पाणी गुळगुळीत दिसतं, तिथूनच बहुधा हा ओढा, म्हणजे बाहेर खेचणारा प्रवाह, समुद्रात जात असतो. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्या गटातले दोघे काही मिनिटांत बरेच बाहेर गेले. एकाने घाबरून लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) सोडली, बोर्ड सोडला आणि प्रवाहाविरुद्ध पोहायला लागला. तो दमला. मासेमारीच्या होडीने त्याला उचललं म्हणून निभावलं. सुटलेला बोर्ड खडकावर आपटून त्याच्या खालच्या दोन फिन (दिशा धरणारी पाती) तुटल्या. भरपाईची रक्कम सहा जणांच्या शिकवणीला पुरली असती, पण ती गोष्ट दुय्यम आहे.

उपाय सरळ आहे: पहिली दोन सेशन सगळ्यांनी कोचबरोबरच करायची. पैसे कमी असतील तर एकच सेशन करा, पण कोचबरोबर करा. फोनवर ठरवतानाच विचारून घ्या की एका कोचकडे पाण्यात किती जण असतील (नवख्यांसाठी तीन-चारच्या वर नकोत), दरात बोर्ड, लीश आणि रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) धरलेत का, कोचकडे जीवरक्षणाचं प्रमाणपत्र आहे का आणि बोर्ड मोडला तर काय. सहा जणांची एक बॅच होत असेल तर बरेच जण दर कमी करतात. घासाघीस तिथे करा.

ओढ्यात सापडलात तर बोर्ड सोडायचा नाही. तुम्हाला तरंगवणारी तीच एक वस्तू आहे. त्यावर पालथं पडून राहायचं, एक हात वर करून इशारा करायचा आणि किनाऱ्याकडे तोंड करून झगडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला सरकायचं. ओढा बाहेर जाऊन पसरतो आणि मंदावतो. आणि भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या महिन्यात जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ आज उपयोगाची नाही.

नाश्ता करून दहाला पाण्यात

ऑक्टोबर ते मे या हंगामात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो लाटेला समोरून अडवतो, त्यामुळे लाट उभी राहते, सावकाश आणि स्वच्छ फुटते. साडेदहा-अकरानंतर जमीन तापते, वारा उलटतो आणि पाणी खडबडीत होतं. लाट कुठे फुटणार याचा अंदाज येत नाही, पॅडल करताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हात मारताना, दमछाक होते. पहिल्यांदा आलेला माणूस त्यावरून ठरवतो की आपल्याला जमणारच नाही. साडेसहाला पाण्यात उतरलेला त्याचाच मित्र तोवर चार वेळा उभा राहिलेला असतो.

त्यासाठी मुक्काम किनाऱ्याजवळ हवा. मंगळुरातली खोली शंभर-दोनशेंनी स्वस्त पडते, पण पहाटे तिथून निघायला बस मिळेलच असं नाही आणि खास रिक्षा केली की वाचलेलं सगळं जातं. गावातला साधा होमस्टे घ्या, दोन खोल्यांत सहा जण. पहाटेची रिक्षा आदल्या संध्याकाळी, भाडं ठरवून सांगून ठेवा. पाण्यात जाण्याआधी एक केळं आणि पाणी पुरे. भरल्या पोटी बोर्डवर पालथं पडून हात मारायला लागलं की मळमळतं.

उभं राहायची घाई

उभं राहिल्याचा फोटो हवा असतो, म्हणून वाळूवरचा सराव कोणालाच नको असतो. वाळूवरची वीस मिनिटं ज्यांना कंटाळवाणी वाटतात, त्यांचा पुढचा तासभर पाणी पिण्यात जातो. ठराविक चुका अशा होतात.

बोर्डवर फार मागे झोपलं की नोज, म्हणजे बोर्डचं पुढचं टोक, वर येतो आणि बोर्ड लाटेच्या मागे राहतो. फार पुढे झोपलं की नोज पाण्यात घुसतो आणि माणूस तोंडावर आपटतो. नोज पाण्याच्या तीन-चार बोटं वर दिसला पाहिजे. एकदा जागा सापडली की हनुवटी बोर्डवर कुठे येते ती खूण लक्षात ठेवा आणि दर वेळी तिथेच झोपा.

उठताना बहुतेक जण बोर्डच्या कडा धरतात. कड धरली की बोर्ड त्या बाजूला कलंडतो. तळहात छातीच्या खालच्या फासळ्यांजवळ, बोर्डवर सपाट ठेवायचे. गुडघ्यावर थांबायचं नाही. तिथून वजन मागे जातं, आणि ही सवय एकदा लागली की मोडायला कित्येक सेशन लागतात. नजर पायांवर ठेवलीत तर पायांपाशीच पडाल. किनाऱ्यावरचं एखादं माडाचं झाड निवडा आणि तिकडेच पाहा. लाटेने बोर्ड उचलला असं वाटल्यावरही दोन हात आणखी मारायचे आणि मग उठायचं. घाईत उठणाऱ्याखालून लाट निघून जाते.

सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या फेसाळ लाटेवर. बोर्ड आठ-नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. लहान बोर्ड 'भारी दिसतो' म्हणून मागणाऱ्याला एकही लाट मिळत नाही. येणारी लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये बोर्ड आडवा धरू नका, लाट तो सरळ तोंडावर आणते. पडताना सपाट पडा, उडी मारून पाय रोवू नका, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती ठेवा. लीश मागच्या पायाला बांधायची. ती बोटांना गुंडाळून बोर्ड ओढू नका, लाट आली की बोट जायबंदी होतं.

गाडी

मत्स्यगंधा एक्स्प्रेस शुक्रवारी दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते आणि शनिवारी पहाटे मुल्कीला पोचते. पुण्याच्या मंडळींनी ती पनवेलला पकडावी. परतीला रविवारी दुपारी तीनच्या सुमारास मुल्कीहून बसायचं. नेमकी वेळ तिकीट काढताना पाहा, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. स्लीपरचं एका बाजूचं भाडं सहाशेच्या आसपास येतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. 'तात्काळमध्ये बघू' म्हणणारा गट शेवटी खासगी बसला दुप्पट-तिप्पट मोजतो. आणि गाडी मुल्कीला जेमतेम थांबते, म्हणून उडुपी गेलं की सगळ्यांनी सामान घेऊन दारात.

मुलींसाठी एक सूचना: आपल्याकडच्या एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलत कर्नाटकात चालत नाही. तिथली महिलांची मोफत बस योजना कर्नाटकच्या रहिवाशांपुरती आहे, आणि मंगळूर-उडुपी रस्त्यावर बहुतेक बसगाड्या खासगीच. तिकीट बजेटमध्ये धरा.

बाकीच्या लहान चुका

सुती टी-शर्ट नको. ओला झाला की जड होतो आणि काखेत, छातीवर घासून सालं निघतात. लायक्राचा पूर्ण बाह्यांचा घ्या.

सनस्क्रीन गालाला लावतात आणि कान, मान, पोटऱ्यांचा मागचा भाग विसरतात. पालथं पडल्यावर ऊन तिथेच बसतं.

अंगठ्या, साखळ्या खोलीवर ठेवा.

आदल्या रात्री दारू पिऊन सकाळी पाण्यात उतरू नका. यात सवलत नाही.

जेलीफिश लागला तर वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि कोचला दाखवा.

रंपणीचं, म्हणजे आपल्या रापणीसारखं जाळं ओढणं चालू असेल तर त्या पट्ट्यात उतरू नका. तो त्या लोकांच्या कामाचा वेळ आहे.

जून ते ऑगस्ट सर्फिंगसाठी येऊ नका. एप्रिल-मेमध्ये निघण्यापूर्वी इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा पाहा. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा इथे वारा नसतानाही येऊन धडकतात. अंदाजात अर्धा ते एक मीटर लाट दिसली तर नवख्यांना छान.

जेवण महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात नको. गावातल्या खानावळीत मासळीचं जेवण, उकड्या तांदळाच्या भातासकट, निम्म्या पैशांत होतं. सकाळी नीर डोसा नाहीतर बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या). कॉन्ट्री गाडीत बसतानाच काढून एकाच्या हातात द्या, हिशेब रोज रात्री, आणि थोडी रोकड जवळ असू द्या.

शनिवारी दोन सेशन करण्याचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी खांदे वर होत नाहीत आणि रविवारचे पैसे वाया जातात. शनिवारी सकाळी दीड तास, दुपारी झोप, संध्याकाळी किनाऱ्यावर बसून लाटा कुठे फुटतात ते बघणं. रविवारी साडेसहाला पाण्यात, साडेआठला बाहेर, कपडे गोड्या पाण्यात पिळून दोरीवर, अकराला जेवण आणि दोनपर्यंत स्टेशनवर.